स्वच्छमंडलाची जाडी

चाळिशी उलटलेला मनुष्य चष्म्याचा नंबर तपासण्यासाठीं नेत्रवैद्याकडे जातो. अक्षरांचा तक्ता वाचून होतो, भिंगें बदलून होतात, डोळ्यांतील दाब पाहिला जातो, आणि मग एखादे वेळीं वैद्य सांगतात कीं, दाब जरा अधिक दिसतो, तेव्हां डोळ्याच्या काचेची जाडी मोजून घ्यावी. ऐकणारा बुचकळ्यांत पडतो. दाब अधिक असेल तर औषध द्यावें. जाडीचा येथें काय संबंध? हा प्रश्न वाटतो तितका अडाणीपणाचा नाहीं. खुद्द नेत्रवैद्यकालाच त्याचें उत्तर मिळावयास फार काळ लागला, आणि तें मिळेपर्यंत कित्येकांनीं नसलेल्या रोगाचें औषध वर्षानुवर्षें डोळ्यांत घातलें, तर कित्येकांचा असलेला रोग कोणाच्याच ध्यानांत आला नाहीं.

डोळ्याच्या दर्शनी बाजूस, काळ्या वर्तुळाच्या पुढें, घड्याळाच्या काचेप्रमाणें बसविलेलें जें पारदर्शक आवरण असतें त्यास स्वच्छमंडल म्हणतात. डॉक्टरी भाषेंत त्याचें नांव कॉर्निया. बोलण्यांत 'बुबुळ' हा शब्द या आवरणाला आणि त्याच्या मागील रंगीत पडद्याला सरसकट लावला जातो, त्यामुळें पुष्कळदां घोटाळा होतो. स्वच्छमंडल मध्यभागीं सर्वांत पातळ असतें आणि कडेकडे जाड होत जातें. मध्यभागची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक; दोन-तीन पोस्टकार्डें एकावर एक ठेवलीं तर भरेल एवढीच. इतक्या बारीक गोष्टी मोजण्यास मिलिमीटरचा हजारावा भाग हें परिमाण घेतात व त्यास मायक्रॉन म्हणतात. जगांत तोंवर झालेलीं मोजमापें सन २००० मध्यें एकत्र करून पाहण्यांत आलीं, तेव्हां सरासरी सुमारें ५३५ मायक्रॉन निघाली.

या आवरणांत रक्तवाहिन्या नाहींत. त्याचा बहुतेक भाग पाण्याचा आहे, पण तें पाणी ठराविक प्रमाणांतच असावें लागतें. प्रमाण वाढलें कीं आवरण फुगतें आणि धुरकट होतें. हें प्रमाण राखण्याचें काम स्वच्छमंडलाच्या आंतील बाजूस असलेला पेशींचा एकच थर अहोरात्र करीत असतो. होडींत झिरपणारें पाणी नावाडी उपसत राहतो तसेंच हें आहे. मनुष्य मेला कीं हा उपसा थांबतो आणि स्वच्छमंडल फुगूं लागतें. जुन्या काळच्या शारीरविदांनीं मृत डोळे कापून जीं मापें लिहून ठेवलीं, तीं म्हणूनच जिवंत डोळ्यास लागू पडत नव्हतीं. जिवंत माणसाच्या डोळ्याला पट्टी कोण लावणार? त्या काळीं डोळा बधिर करण्याचें औषधही ठाऊक नव्हतें.

हा पेंच सोडविला तो स्वीडनमधील उप्सालाच्या माग्नुस ब्लिक्सनें, १८८० सालीं. त्वचेवर उष्ण आणि थंड स्पर्शाचे बिंदु निरनिराळे असतात हें दाखवून देणारा शरीरशास्त्रज्ञ तो हाच. त्यानें दोन सूक्ष्मदर्शक नळ्या एकमेकींशीं कोन करून बसविल्या. एकींतून प्रकाश टाकावयाचा व दुसरींतून पाहावयाचें. स्वच्छमंडलाच्या पुढच्या पृष्ठभागावरून प्रकाशाचें एक प्रतिबिंब येतें, मागच्या पृष्ठभागावरून दुसरें, अत्यंत अंधुक. पहिलें स्पष्ट दिसेपर्यंत यंत्र सरकवावयाचें, मग दुसरें स्पष्ट दिसेपर्यंत. मधलें अंतर म्हणजे जाडी. परंतु हें अंतर जसेंच्या तसें घेऊन चालत नाहीं. हौदाच्या तळाशीं पडलेलें नाणें वर आल्यासारखें दिसतें, त्याप्रमाणें स्वच्छमंडलाचा मागचा पृष्ठभागही आहे त्याहून जवळ भासतो. वक्रीभवनाचा हिशेब करून ही तूट भरून काढावी लागते. डोळ्यास बोटही न लावतां जिवंत मनुष्याच्या स्वच्छमंडलाची जाडी काढण्याचा हा पहिला प्रसंग होय.

याच १८८० सालीं पॅरिसमध्यें झाक आणि प्येर क्यूरी या दोघां भावांनीं एक वेगळाच शोध लावला. कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां त्यांच्या पृष्ठभागावर वीज उत्पन्न होते, असें त्यांना आढळून आलें; आणि उलट वीज दिली असतां स्फटिक आकसतो-फुगतो, हेंही पुढील वर्षीं सिद्ध झालें. उप्सालांतील नळ्यांचा आणि पॅरिसमधील स्फटिकांचा कांहीं ऋणानुबंध असेल असें तेव्हां कोणाच्या स्वप्नांतही आलें नसेल. त्यांची गांठ पडावयास शंभर वर्षें जावयाचीं होतीं.

मधल्या काळांत दोन उपयुक्त गोष्टी घडल्या. १८८४ मध्यें व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनें कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर करतां येतो हें दाखविलें, आणि जाग्या माणसाच्या डोळ्याला उपकरण टेकविणें शक्य झालें. दुसरी गोष्ट स्वीडनचीच. आल्व्हार गुलस्ट्रांड यानें १९११ मध्यें अरुंद फटींतून प्रकाशाचा पातळ पट्टा डोळ्यावर टाकणारा दिवा तयार केला. त्याच वर्षीं त्याला नोबेल पारितोषिकही मिळालें, तें डोळ्यांतील प्रकाशाच्या मार्गाविषयींच्या त्याच्या गणितासाठीं. कौलांतील छिद्रांतून आलेला कवडसा चुलीच्या धुरांत जसा अंगधारी दिसतो, तसा या दिव्याचा पट्टा स्वच्छमंडलांतून जातांना स्पष्ट दिसतो, आणि त्या आवरणाची जाडी नुसत्या नजरेलाही कळूं लागते. नेत्रवैद्याच्या टेबलावर आज जो स्लिट लँप असतो तो याच दिव्याचा वंशज.

असो. जाडी मोजतां येऊं लागली, पण ती मोजून करावयाचें काय, हें कोणास फारसें सांगतां येत नव्हतें. शास्त्रज्ञांचें कुतूहल एवढाच तिचा उपयोग होता. तिला खरें महत्त्व आलें तें काचबिंदुमुळें.

काचबिंदु हा चोर आहे. त्यांत बहुधा दुखत नाहीं, लाली येत नाहीं. दृष्टीच्या कडा हळूहळू झिजत जातात आणि मधलें दिसणें शेवटपर्यंत शाबूत राहिल्यामुळें रोग्याला पत्ताच लागत नाहीं. गेलेली दृष्टि परत येत नाहीं. या रोगांत डोळ्यांतील दाब पुष्कळदां वाढलेला असतो, आणि औषधानें हात घालतां येईल अशी ती एकच गोष्ट असल्यामुळें दाब मोजण्याला अतोनात महत्त्व आलें. १९०५ मध्यें नॉर्वेच्या यालमार शिऑट्सनें निजलेल्या रोग्याच्या डोळ्यावर लहानसें वजन ठेवून स्वच्छमंडल किती दबतें यावरून दाब काढण्याचें उपकरण केलें. तें अर्धें शतक चाललें. त्याहून पुष्कळ सरस उपकरण १९५७ मध्यें स्वित्झर्लंडमधील बर्न येथें हान्स गोल्डमन यानें आपला सहकारी श्मिट याच्यासह प्रसिद्ध केलें.

गोल्डमनची युक्ति मोठी सुंदर आहे. बधिर केलेल्या स्वच्छमंडलावर एक लहान सपाट टोंक हलकेंच टेकवावयाचें आणि ३.०६ मिलिमीटर व्यासाचें वर्तुळ सपाट होईपर्यंत जोर वाढवीत जावयाचें. लागलेला जोर म्हणजेच आंतील दाबाचें माप. नेमका ३.०६ हाच व्यास कां? स्वच्छमंडल वांकण्यास विरोध करतें, त्यामुळें जोर अधिक लागतो. उलट डोळ्यावरील अश्रूंचा पातळ थर टोंकाला आंत ओढतो, त्यामुळें जोर कमी लागतो. एवढ्या वर्तुळाला हे दोन्ही परिणाम एकमेकांस जवळजवळ छेद देतात. शिवाय एक ग्रॅम जोर म्हणजे पाऱ्याचे बरोबर १० मिलिमीटर, असा सुटसुटीत हिशेबही जमतो. गणिताच्या शिक्षकानें वर्गांत खुशाल वाखाणावें असें हें उदाहरण आहे.

परंतु या हिशेबांत एक गृहीत दडलेलें होतें. वांकण्यास होणारा विरोध आवरणाच्या जाडीवर अवलंबून असतो, आणि गोल्डमननें ती सुमारें अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉन धरली होती. सायकलच्या चाकांत हवा किती आहे हें अंगठ्यानें दाबून पाहणाऱ्यास एक गोष्ट ठाऊक असते: टायर जाड असेल तर हवा बेताची असूनही चाक टणक लागतें, आणि टायर झिजून पातळ झालेला असेल तर भरपूर हवेनेंही तें मऊ वाटतें. डोळ्याचेंही तेंच. हें गोल्डमनच्या ध्यानांत आलें नव्हतें असें मात्र मुळींच नाहीं. जाडीमुळें तत्त्वतः फरक पडूं शकेल हें त्यानें आपल्या निबंधांत मान्य केलें होतें. निरोगी माणसांत जाडी फारशी बदलत नाहीं, अशी त्याची समजूत होती, एवढेंच. ती समजूत त्या वेळीं अडाणीपणाची नव्हती. स्वीडनच्या गुनार फोन बार यानें १९४८ मध्यें आणि इंग्लंडांत मॉरिस व जार्दीनी यांनीं १९५१ मध्यें निरोगी डोळे मोजले होते खरे, पण असलीं मोजमापें थोडींच झालेलीं होतीं. दोष असेल तर तो पुढच्या पिढीचा. उपकरण जगभर पसरलें, त्याचा आंकडा प्रमाण मानला जाऊं लागला, २१ च्या वर दाब म्हणजे संशयित अशी रेघ ओढली गेली, आणि निबंधांतील ती सावधगिरीची सूचना निबंधांतच राहिली.

डेन्मार्कच्या नील्स एलर्सनें तिची दखल घेतली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं आलेल्या रोग्यांच्या २९ डोळ्यांत बारीक नळी घालून त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं आंतील दाब हवा तेवढा ठेवला आणि वरून गोल्डमनचें उपकरण लावून तें काय सांगतें हें ताडून पाहिलें. १९७५ मध्यें हें काम प्रसिद्ध झालें. जाडी ५२० मायक्रॉनच्या आसपास असली तर उपकरण खरें बोलतें. त्याहून जाड स्वच्छमंडल असेल तर दाब फुगवून सांगतें आणि पातळ असेल तर कमी करून सांगतें. त्याच्या हिशेबानें ७० मायक्रॉनच्या फरकाला सुमारें ५ मिलिमीटरची चूक पडत होती. म्हणजे ५९० मायक्रॉनच्या माणसाचा खरा दाब १९ असतांना यंत्र २४ दाखवील आणि त्याच्या मागें जन्माचें औषध लागेल. ४५० च्या माणसाचा खरा दाब २४ असतांना यंत्र १९ दाखवील आणि वैद्य त्याला निर्धास्तपणें घरीं पाठवील. यांतला दुसरा प्रसंग अधिक भयंकर, हें सांगणें नलगे. पुढील अभ्यासांत चुकीचें प्रमाण एलर्सच्या आंकड्याहून बरेंच कमी भरलें. पण चूक होते आणि ती कोणत्या दिशेनें होते, हें त्याचें म्हणणें टिकलें.

तरीही पांच-पंचवीस वर्षें दवाखान्यांतील रीत फारशी बदलली नाहीं. याचें एक कारण अगदीं साधें होतें: जाडी मोजणें कटकटीचें होतें. स्लिट लँपला जोडण्याचें एक उपकरण १९५२ पासून उपलब्ध होतें. त्यांत काचेच्या दोन लहान पट्ट्या एकीवर एक असत. वरची पट्टी फिरवीत जाऊन प्रतिबिंबाच्या वरच्या अर्ध्याची एक कड खालच्या अर्ध्याच्या दुसऱ्या कडेशीं जुळवावयाची, व मग मापन-रेघ वाचावयाची. हात सरावलेला हवा, रोगी स्थिर हवा, आणि दोघां वैद्यांचीं मापें जुळतील अशी खात्री नसे. रांगेंत पन्नास रोगी बसलेले असतांना हा खटाटोप कोण करणार?

क्यूरी बंधूंचे स्फटिक येथें उपयोगी पडले. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या लांजव्हँ यानें त्यांच्यापासून कानाला ऐकूं न येणारे ध्वनिकंप उत्पन्न करून पाण्याखालील पाणबुड्यांचा ठाव घेण्याची युक्ति काढली होती. १९५६ पासून तसल्याच ध्वनीनें डोळ्याच्या आंतील अंतरें मोजण्याचे प्रयोग सुरू झाले, आणि १९८० च्या सुमारास केवळ स्वच्छमंडलाची जाडी सांगणारें सुटसुटीत यंत्र तयार झालें. गमतीची गोष्ट ही कीं, त्याची निकड काचबिंदूच्या वैद्यांना भासली नव्हती. मॉस्कोच्या फ्योदोरोव्ह यानें १९७० नंतर चष्मा घालविण्यासाठीं स्वच्छमंडलावर चाकांच्या आरांसारख्या चिरा देण्याची शस्त्रक्रिया लोकप्रिय केली होती. चीर उथळ पडली तर गुण येत नाहीं, आणि आरपार गेली तर डोळ्याला भोंक. तेव्हां चाकूचें पातें किती बाहेर काढावें हें ठरविण्यासाठीं जाडीचा बिनचूक आंकडा हवा होता. शस्त्रवैद्याच्या गरजेपोटीं झालेलें यंत्र मग काचबिंदूच्या खोलींत आलें.

तेथें त्याचें स्थान पक्कें झालें तें एका अमेरिकन अभ्यासानें. ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी या नांवाच्या या अभ्यासांत १९९४ पासून २२ केंद्रांवर १,६३६ माणसें घेण्यांत आलीं. त्या सर्वांचा दाब वाढलेला, पण डोळ्याची नस आणि दृष्टीचें क्षेत्र शाबूत. अर्ध्यांना दाब कमी करणारे थेंब दिले, अर्ध्यांवर नुसती देखरेख ठेवली. प्रश्न एवढाच, कीं औषधानें काचबिंदु टळतो काय? टळतो, असें २००२ मध्यें उत्तर मिळालें: पांच वर्षांत औषध न घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ९.५ जणांना रोग झाला, घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ४.४ जणांना. पण याच आंकड्यांची दुसरी बाजू अशी कीं, औषधाशिवायही शेंकडा नव्वदांहून अधिक माणसें त्या मुदतींत रोगापासून मुक्त राहिलीं. मग धोका नेमका कोणाला?

स्वच्छमंडलाची जाडी मोजण्याचें या अभ्यासाच्या मूळ आराखड्यांत नव्हतेंच. माणसांची भरती झाल्यावर तें मागाहून जोडण्यांत आलें. आणि मागाहून आलेल्या या पाहुण्यानेंच सर्वांत मोठी बातमी आणली. ज्यांचें स्वच्छमंडल ५५५ मायक्रॉन वा त्याहून पातळ होतें, त्यांना काचबिंदु होण्याचा धोका ५८८ हून जाड असणाऱ्यांच्या सुमारें तिप्पट निघाला. शिवाय दाब वाढला म्हणून अभ्यासांत घेतलेल्यांपैकीं जवळजवळ चौथ्या हिश्श्याचें स्वच्छमंडल ६०० मायक्रॉनहून जाड होतें. त्यांतील कित्येकांचा खरा दाब यंत्र सांगत होतें तितका नसावा. पातळ स्वच्छमंडलाच्या माणसास धोका अधिक कां, याविषयीं मात्र तज्ज्ञांचें एकमत नाहीं. दाब कमी मोजला जातो हें एक कारण झालें. ज्या डोळ्याचें पुढील आवरण पातळ त्याची मागील बाजूची घडणही नाजुक असावी, असें कांहींजण मानतात.

आतां प्रत्यक्ष परीक्षेविषयीं. तिचें नांव पॅकिमेट्री. ग्रीक भाषेंत 'पॅकिस' म्हणजे जाड. डोळ्यावर बसविण्याचीं भिंगें कोणी वापरीत असेल तर तीं आधीं काढावीं लागतात, कारण त्यांनीं स्वच्छमंडल थोडें फुगतें. किती वेळ आधीं, हें वैद्य सांगतात. झोंपेंतही तें किंचित फुगतें, म्हणून उठल्याउठल्या घेतलेलें माप थोडें अधिक येतें. खुर्चीवर बसवून डोळ्यांत बधिर करणारा थेंब टाकतात. तो क्षणभर झोंबतो, मग कांहीं जाणवेनासें होतें. रोग्यानें समोरच्या एका खुणेकडे स्थिर पाहावयाचें. वैद्य लेखणीसारख्या दांडीचें गोल टोंक स्वच्छमंडलाच्या मध्यावर सरळ टेकवितात. टोंकांतून निघालेला ध्वनि मागच्या पृष्ठभागावर आदळून परत येतो. स्वच्छमंडलांत ध्वनीची गति सेकंदास सुमारें १,६४० मीटर धरतात, म्हणजे हा जाण्यायेण्याचा प्रवास सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाच्या आंतच आटोपतो. यंत्र तेवढा अवधि मोजून जाडी सांगतें. टोंक वांकडें टेकलें किंवा मध्य सोडून लागलें तर आंकडा वाढतो, म्हणून प्रत्येक डोळ्याचीं अनेक मापें घेतात. सारें मिळून मिनिट-दोन मिनिटांचें काम. सुई नाहीं, पट्टी नाहीं. बधिरपणा उतरेपर्यंत डोळा चोळूं नये, एवढें पथ्य पाळावें. बधिर डोळ्यास आपण ओरखडा काढीत आहों हें कळत नाहीं.

कांहीं ठिकाणीं डोळ्यास स्पर्श न करतांच प्रकाशानें जाडी मोजतात. त्यांत थेंबाचीही गरज पडत नाहीं. त्यांतील एका प्रकारच्या कॅमेऱ्याचें तत्त्व ऑस्ट्रियाच्या सैन्यांतील टेओडोर शाइमफ्लुग या अधिकाऱ्याचें. आकाशांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून नकाशे काढण्यासाठीं त्यानें तें १९०४ च्या सुमारास मांडलें होतें. दोन निरनिराळ्या प्रकारच्या यंत्रांचे आंकडे तंतोतंत जुळत नाहींत, तेव्हां एका यंत्राचें जुनें माप आणि दुसऱ्याचें नवें माप यांची वजाबाकी करून घाबरून जाण्यांत अर्थ नाहीं.

काचबिंदूचा कसलाही संशय नसतां तरुण माणसांचीही जाडी मोजतात, तें लेझरनें चष्मा घालविण्यापूर्वीं. नेहमींच्या ६ मिलिमीटर रुंदीच्या क्षेत्रांत दर एका नंबराला सुमारें १२ मायक्रॉन एवढें स्वच्छमंडल लेझर खरवडून काढतो. मोठ्या नंबराला अर्थातच अधिक. खालीं निदान २५० मायक्रॉन अस्पर्शित राहिले पाहिजेत असा दंडक पडलेला आहे, कारण फार पातळ झालेलें स्वच्छमंडल आंतील दाबानें पुढें फुगून येतें. असे प्रसंग १९९८ पासून वैद्यकीय वाङ्मयांत नोंदले गेले आहेत. चष्म्याचा कंटाळा आलेल्या मुलाला वा मुलीला वैद्यांनीं शस्त्रक्रिया नाकारली, तर पुष्कळदां त्याच्या मुळाशीं हाच आंकडा असतो.

महाराष्ट्राचा या इतिहासाशीं जो संबंध आहे तो विदर्भांतील खेड्यांतून आला आहे. २००६ ते २००८ या काळांत नागपूरजवळच्या ग्रामीण भागांत सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी नांवाची पाहणी झाली. तीस वर्षें व त्यावरील ४,७११ माणसें तींत सामील झालीं. त्यांच्या स्वच्छमंडलाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली. जगांतील मोजमापांच्या ज्या सरासरीचा वर उल्लेख आला, तिच्याहून हा आंकडा वीस मायक्रॉननें कमी आहे. म्हणून या भागांतील प्रत्येक डोळ्याचा दाब चुकीचा मोजला जातो असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. एलर्सनें सांगितलेल्या ५२० शीं तर ५१४ चें चांगलेंच जमतें. परंतु सरासरीच्या दोन्ही बाजूंस माणसें असतात, आणि येथें पातळ बाजूस असणारा मनुष्य अमेरिकेंतील पातळ बाजूच्या माणसाहूनही पातळ असण्याचा संभव आहे. ५५५ हून पातळ म्हणजे धोका, ही अमेरिकेंतील रेघ, जशीच्या तशी उचलून नागपूरच्या खेड्यांत ओढली तर बहुतेक सारें गांव तिच्या खालीं जाईल. ती रेघ वाढलेल्या दाबाच्या माणसांतून निघालेली आहे, सर्वसाधारण लोकांतून नव्हे, हें विसरून चालत नाहीं.

एवढें सगळें कळल्यावर जाडीचा आंकडा घालून खरा दाब काढून देणारें सूत्र असावें, असें कोणासही वाटेल. तशीं सूत्रें पुष्कळ झालीं, कोष्टकेंही छापलीं गेलीं. पण एकाच डोळ्याला दोन सूत्रें दोन उत्तरें देतात, कारण स्वच्छमंडलाचा ताठपणा नुसत्या जाडीवर अवलंबून नसतो. दोन चादरी सारख्या जाड असून एक मऊ व एक खरखरीत असूं शकते. म्हणून जाणते वैद्य दाबाच्या आंकड्यांत बेरीज-वजाबाकी करीत नाहींत. ते दाब आहे तसा लिहितात, त्याच्या शेजारीं जाडी लिहितात, आणि मग डोळ्याची नस व दृष्टीचें क्षेत्र तपासावयास घेतात.